उभं पाणी

या, जरा सरकून बसा. अजून जवळ. ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यातली नाही आणि घाईनं सांगण्यातली तर मुळीच नाही. कारण जिची आहे ती बाई चालता चालता मधेच थांबते, आणि ती थांबली की आपल्यालाही थांबावं लागणार. ज्यांना तातडीची कामं आहेत त्यांनी खुशाल पुढं व्हावं, वाट रुंद आहे. मागं राहतील त्यांना गोष्ट पुरी मिळेल. तिच्यात एक कुत्रा आहे, एक समुद्र आहे आणि एक खोटं बोलणं आहे. खोट्यापासूनच सुरुवात करू.

गुरुवारी संध्याकाळी, एका वेल्श गावात, समुद्राकाठच्या फरसबंद वाटेवर, बँडच्या चौथऱ्यासमोर नेस्टाचे पाय जमिनीला चिकटले. चिकटले म्हणजे दुखले नाहीत, लटपटले नाहीत, मुंग्याही आल्या नाहीत. वरचं सगळं अंग पुढच्या पावलाला निघालं होतं, छाती थोडी पुढं झुकलीही होती, आणि खाली दोन पाय असे उभे राहिले की जणू त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिचा कुत्रा पेरो दोरीच्या टोकाला दोन पावलं पुढं गेला, दोरी ताणली गेली तसा मागं वळला, तिच्याकडं बघितलं आणि बसला. त्यानं विचारलं नाही. नेस्टानं समुद्राकडं तोंड केलं, कारण माणसाला कुठंतरी बघावं लागतं, आणि आपल्या बुटांकडं बघत उभ्या राहिलेल्या म्हातारीपेक्षा समुद्राकडं बघणारी म्हातारी बरी दिसते. ती चूक झाली. त्या गावात शिंक यायला लागतो त्याहून जास्त वेळ कुणी समुद्राकडं बघितलं की लोक समजतात, डॉल्फिन दिसले. आधी एक चष्मेवाला गृहस्थ शेजारी येऊन उभा राहिला आणि कपाळावर हात धरून बघू लागला. मग आइस्क्रीम खाणाऱ्या दोघी. मग एक अख्खं कुटुंब, बापानं लेकीला खांद्यावर घेतलेलं. "कुठं? कुठल्या बाजूला?" "अहो, त्या बाईंना विचारा ना, त्या केव्हाच्या बघतायत." "ताई, कितीक होते हो?" नेस्टाच्या पाठीवर घाम आला. पाय माझे चालत नाहीत, एवढं एक वाक्य होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. आणि ती म्हणाली, "आत्ताच बुडी मारली. दोन होते." कुणीतरी हळहळलं, तेव्हा तिनं पुढं जोडलं, "आणि एक पिल्लू." एका मुलीनं फोन काढून समुद्राचा फोटो घेतला, आणि ज्यांनी डॉल्फिन पाहिले त्या बाईंचा आणि त्यांच्या कुत्र्याचाही घेतला. मग पाय आपले आपणच सुटले, चिकटले होते तसेच, न सांगता.

पिल्लू कशाला? घरी येऊन चहाचं पाणी ठेवताना हेच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. दोन होते म्हणणं हे अब्रू झाकणं झालं. देव तेवढं समजून घेईल. पण पिल्लाची गरज नव्हती, ते निव्वळ हौसेचं खोटं होतं. चाळीस वर्षं चॅपेलात गाणं उचलून देणारी बाई ती. पहिला सूर तिचा, मग मंडळीचा. आणि तिनं अकरा परक्या माणसांना नसलेलं पिल्लू दाखवलं. पेरो ओट्याखाली आपल्या पाणी पिण्याच्या वाडग्याशी आडवा झाला होता, त्याच्या केसांना समुद्राचा खारट ओला वास येत होता. त्यालाही आपण वापरलं, असं तिला वाटलं. तो खरंच बसून राहिला होता, आणि त्याच्या खऱ्या बसण्यावर आपण खोट्याचं पांघरूण घातलं.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, पार्किन्सन्स, तेव्हा ती घाबरली नव्हती. हात थरथरतो तर थरथरू दे. तीस वर्षं कापडाच्या दुकानात पितळी गजानं मापं घेतली तो हात आता थोडा सुटीवर गेला, एवढंच. गावातही सगळ्यांना ठाऊक होतं. पण हे पायांचं नवीन होतं. फेब्रुवारीपासूनचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीला तर नाहीच. दारातून जाताना, वळताना, दोन बाकांमधल्या अरुंद जागेत पाय अडायचे. फक्त दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला सांगितलं होतं. ती म्हणाली, मोजा, एक दोन तीन आणि पाऊल. नेस्टा मोजायची. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला काहीच नाही. जणू गजाला तीनच खुणा. अशा वेळी जगात एकच प्राणी होता जो "काय झालं" म्हणत नसे, "बसता का" म्हणत नसे, कोपराला धरत नसे. तो थांबायचा. ती निघाली की निघायचा. माणसाच्या थांबण्याला प्रश्न समजायचं नाही, हे त्याला कुठून कळलं होतं कोण जाणे. तो मूळचा तिच्या भावाच्या शेतावरचा, मेंढ्या वळायला घेतलेला. एका एडक्यानं लहानपणीच ढुशी दिली, तेव्हापासून मेंढीचं नुसतं बें ऐकलं तरी ट्रॅक्टरखाली शिरायचा. "मेंढ्यांना भिणारा मेंढकुत्रा," भाऊ म्हणाला, "हा शहरातच शोभेल, घेऊन जा." शेतावरच्या रिवाजाप्रमाणं त्याला हुकूम इंग्रजीतूनच कळत. तिकडं माणसाशी आणि देवाशी वेल्शमधून बोलतात, इंग्रजी कुत्र्यासाठी राखून ठेवतात. सहा वर्षं ती दोघं रोज चालली. आधी वाळूतून, मे लागला की वाळूत कुत्र्यांना बंदी म्हणून फरसबंदीवरून, आणि फरसबंदी संपते तिथल्या लोखंडी दांड्याला पायानं टोला मारून पुढं कड्यावरच्या पायवाटेनं, पिवळ्या काटेरी झुडपांमधून, खाली पाणी आणि वर चंडोल. दांड्याला टोला मारल्याशिवाय त्या गावात कुणाचं फिरणं पुरं होत नाही. का, ते विचारायचं नाही. फेब्रुवारीपासून कडा सुटला होता. आता दांड्यापर्यंतच. आणि गुरुवारी तर चौथऱ्यापर्यंतच.

शुक्रवारी दुपारी हेलेदचा फोन आला. हेलेद म्हणजे तिची एकुलती एक लेक, कार्डिफला शाळेत शिकवते, आणि शिक्षकांना असते तशी तिच्याही डोळ्यांना चुका पकडायची सवय. "आई, इंटरनेटवर तुझा फोटो फिरतोय. डॉल्फिनवाली बाई म्हणून."

"हो का? कसा आलाय?"

"पेरो छान आलाय. आई, तुझी बोटं दोरीवर पांढरी पडलीयत."

"वारा होता गं."

"आणि तुझ्या चेहऱ्यावर डॉल्फिन नाहीयेत. मी उद्या येते."

शनिवारी ती आली ती हातातली पिशवी खाली न ठेवताच बघायला लागली, आई स्वयंपाकघराच्या दारातून कशी येते ते. नेस्टाला कळलं की ती बघतेय; आणि बघितलं जातंय हे कळलं की पाय हटकून अडतात. उंबऱ्याशी अडले. नेस्टाच्या हातातल्या ताटलीत मनुकांच्या पावाचे काप सरकून एका बाजूला जमले.

"कधीपासून?"

"आत्ताच."

"आई."

"फेब्रुवारी."

"आणि तू एकटी रोज समुद्रावर जातेस, अठरा किलोचा कुत्रा मनगटाला बांधून! एखाद दिवशी मांजरामागं सुटला तर तोंडावर पडशील."

"तो? अगं, मांजरं त्याच्या मागं लागतात."

"हसण्यावारी नेऊ नकोस." हेलेदनं काप एकेक करून सारखे लावले, तिच्या बापाची सवय. "मी पेरोला घेऊन जाते. मागं अंगण आहे, मैदान आहे, मुलांच्यात रमेल. तू आठवड्यातून दोनदा कुणाच्या तरी हाताला धरून फिर. हे मी तुझ्या भल्याचं सांगतेय."

भल्याचं. त्या शब्दाची चव नेस्टाच्या जिभेवर जुन्या नाण्यासारखी आली. भलं काय, हे आजवर कापडासारखं तिनं मापून दुसऱ्यांना दिलं होतं. स्वतःचं कुणी असं दोन हातांत फाडून पुढ्यात टाकेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं. आणि मग रागात, अभिमानात, ती नको ते बोलून गेली. "उद्या उपासनेनंतर चल माझ्याबरोबर. दांड्यापर्यंत जाऊन दाखवते. एकदा जरी थांबले तर ने तुझा पेरो." तुझा, असंसुद्धा म्हणाली. हेलेद म्हणाली, "शब्द?" "शब्द," नेस्टा म्हणाली. आणि त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला वाटत राहिलं की आपण पुन्हा पिल्लू दाखवलं. दोन पुरे होते.

रविवारी हवा स्वच्छ होती, पाणी जवळजवळ तुडुंब भरून आलं होतं. हेलेद वीस पावलं मागं. तसं ठरलं होतं, हात लावायचा नाही. पहिल्या बाकावर इद्वल बसला होता. जन्मभर त्यानं डोंगरातल्या वाटेवर बस चालवली, आणि आता थर्मासातला चहा पीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिकीट नसल्यासारखं न्याहाळतो. "काय नेस्टा, आज मागं तपासनीस?"

"गप रे."

"इंजिन गार पडलं तर चोक ओढ, घाबरू नकोस. चढावर माझी बस रोज बंद पडायची. उतारूंना मी सांगायचो, देखावा बघा."

चौथरा मागं पडला. आइस्क्रीमची गाडी मागं पडली. पाय चालत होते, नेस्टा त्यांच्याकडं बघत नव्हती. गुणी पोरांकडं फार बघू नये, दृष्ट लागते. मग पुढं हिवाळ्यातल्या वादळानं उखडलेल्या फरशा आल्या, दोन्ही बाजूंना लाल-पांढरे अडथळे लावलेले आणि मधे एका माणसापुरती बोळ. पेरो बोळीत शिरला. नेस्टाचं अंग शिरलं. पाय बाहेर राहिले.

एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. मागून मुलाची ढकलगाडी घेऊन कुणी आलं, चाकं करकरली. "माफ करा, जायचंय का तुम्हाला?" पुरुषाचा आवाज, सभ्य, घाईतला. समोरूनही दोघं येऊन थांबली. आणि पाठीवर, खांद्यांच्या बरोबर मधोमध, वीस पावलांवरून हेलेदची नजर, घड्याळासारखी. एक, दोन. पेरो वळला आणि बोळीत बसला, सगळ्यांची वाट अडवून, पोटाखाली पाय घेऊन, जणू ही जागा बसण्यासाठीच बांधली आहे. लाटा नव्हत्या. पाणी अगदी वरपर्यंत येऊन टेकलं होतं, आता येत नव्हतं, अजून जात नव्हतं. भिंतीशी एक शेवाळाचा पट्टा होता तिथंच, ना इकडं ना तिकडं. आणि त्या न हलणाऱ्या पट्ट्याकडं बघता बघता तिला लहानपणचे तुदुर पाळक दिसले, काळा कोट, मानेशी घामाचं पांढरं मीठ.

तिच्या लहानपणी त्यांच्या खेड्यातल्या चॅपेलाला स्वतःचा पाळक, म्हणजे उपदेश करणारा धर्मगुरू, नव्हता. दर रविवारी कुणी ना कुणी फिरता पाळक यायचा, आणि त्याला जेवू घालायचं काम घरोघर एकेक महिना वाटलेलं असायचं. 'आपला महिना' आला की आई चांदीचे चमचे काढायची आणि बाप शिव्या द्यायचं बंद करायचा. तुदुर पाळक आले की जेवण थोडंच जेवत, आणि दुपारच्या उपासनेआधी म्हणत, पोरीला आणि कुत्रीला घेऊन कड्यावर जाऊन येतो, उपदेश जरा पावलांत घालून बघतो. ती आठ वर्षांची. कुत्री पुढं, पाळक मधे, ती मागं. ते चालत चालत पुटपुटत. आधी साधं बोलणं. मग बोलण्याला वळण. मग ते वळण वर चढायला लागायचं, एकेका शब्दावर सूर टेकायचा, आणि बघता बघता बोलणं गाणं होऊन जायचं, शब्द तेच, पण आता त्यांना शीड बांधलेलं. मंडळी म्हणायची, शीड भरलं. आपल्याकडं कीर्तन रंगलं म्हणतात, तसंच. ऐकताना छोट्या नेस्टाच्या तळपायांना आपोआप ठेका यायचा. आणि एका रविवारी कुंपण ओलांडायच्या पायऱ्यांशी ते एकदम थांबले. मधेच. वाक्य अर्धं. डोळे पाण्यावर. कुत्री बसली. नेस्टानं किती वेळ धीर धरला, आणि मग भीत भीत विचारलं, "विसरलात का?" "विसरलो नाही पोरी," ते म्हणाले, "भरतोय." आणि त्या दुपारी चॅपेलात त्यांनी तोच उपदेश केला, उभ्या पाण्याचा, आणि मधे तसेच थांबले, म्हाताऱ्या बायकांनी श्वास धरला, पुढच्या बाकावरच्या वडील मंडळींना वाटलं, गेला, माणूस गेला. मग जे शीड भरलं, ते छपराला टेकलं. ते शब्द कुणी लिहून ठेवले नाहीत. तिच्या जवळही सगळे नाहीत. तळव्यांत होतं तेवढंच.

"आई?" मागून. आता पावलंही ऐकू आली, ठरलेलं मोडून जवळ येणारी.

"थांब तिथंच," नेस्टा म्हणाली, मागं न बघता. आणि ढकलगाडीवाल्याला, समोरच्या दोघांना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "मला पार्किन्सन्स आहे. माझे पाय चिकटलेत. समुद्रात काही नाही, बघू नका. मी निघेन. तुम्हाला थांबावं लागेल." हे बोलताना तिला लाजेनं मरण यायला हवं होतं; आलं नाही. उलट छातीत हवा गेली, कितीतरी महिन्यांनी तळापर्यंत गेली. मग तिनं मोजणं सोडलं. खालच्या पट्टीत, बोलल्यासारखंच, सुरू केलं:

"पाणी उभं आहे. भरती सरली, ओहोटी लागली नाही, पाणी उभं आहे. नावाड्या, शिवी देऊ नको, पाणी मेलेलं नाही. कुणाच्या हुकमानं उभं? ज्याच्या हुकमानं आलं, त्याच्याच." इथं सूर टेकला. "दिवसातून चारदा थांबतो समुद्र, आणि त्याला कुणी आजारी म्हणत नाही!" इथं चढला. पलीकडच्या बाकावरून एका म्हातारीनं, कोण होती देव जाणे, सवयीनं म्हटलं, "आमेन." आणि बाकावरून उठून मागं मागं आलेल्या इद्वलचा तो बसच्या इंजिनासारखा खर्ज आला, तोही शब्दांवाचून, नुसता आधाराला धरलेला सूर, जसा चॅपेलात धरायचा. नेस्टानं शब्द सोडून दिले आणि आवाज वर नेला; तो फुटला, एकोणसत्तर वर्षांचा आवाज फुटतोच, फुटला तसाच नेला. आणि ठेक्यावर, सूर जिथं पुन्हा खाली टेकायचा होता बरोबर तिथं, डावा पाय उचलला गेला.

पेरो उठला. बोळ संपली. ढकलगाडीवाला मागंच उभा राहिला, वाट मोकळी झाली तरी. नेस्टा गात गात चालली, गाणं कसलं, आता नुसतं हुंकारणं, पण ठेका पक्का. उरलेली तीनशे पावलं तिनं मोजली नाहीत. दांड्याशी पोचून तिनं एका हातानं दांडा धरला आणि डाव्या पायानं त्याला असा टोला हाणला की लोखंड वाजलं.

हेलेद आली. डोळे ओले, ओठ घट्ट. "थांबलीस. एक मिनिट दहा सेकंद. मी बघत होते."

"माहितेय."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला." नेस्टाला धाप लागली होती, तिनं ती लपवली नाही. "शब्द मोडल्याचं पाप माझं, त्याचं मी देवाशी बघून घेईन. कुत्रा पण माझाच. नेणार नाहीस तू त्याला."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर पडेन. हाड मोडलं तर तुलाच बोलावीन, आणि तू येशील, आणि माझ्यावर ओरडशील. ते चालेल मला. पण मी पडेन म्हणून आधीच मला खाली बसवू नकोस, हेलेद. तू एक मिनिट दहा सेकंद मोजलंस. त्याच्या मागचं आणि पुढचं सगळं मी चालले होते, ते कुणी मोजायचं?"

हेलेदनं खाली वाकून पेरोच्या मानेत तोंड खुपसलं, बराच वेळ. मग उठून कोरड्या आवाजात म्हणाली, "चल. घरी जाऊ. वळ."

नेस्टानं मागच्या वाटेकडं पाहिलं आणि तिला हसूच आलं. "वळणंच तर जमत नाही गं. वळताना हमखास चिकटतात." समोर दांड्याच्या पलीकडं कड्यावरची पायवाट सुरू होत होती, चढाची, दगडांची, फेब्रुवारीपासून न पाहिलेली. वर पहिल्या वळणाशी एक बाक होता. "म्हणून पुढं जाते," ती म्हणाली. "त्या बाकापर्यंत. तू यायचं तर ये, नाहीतर खालून बघ." आणि पेरोला कुत्र्याच्या भाषेतला कुत्र्याचा शब्द दिला, आणि स्वतःच्या पायांना खालच्या पट्टीतला तो सूर. चढावर ती दोनदा थांबली. दोन्हीदा पेरो बसला. दोन्हीदा ती निघाली. हेलेद खालूनच बघत राहिली, हात छातीशी घट्ट, आणि तिसऱ्या वेळी, नेस्टा थांबलेली नसतानाही, तिनं श्वास धरला होता.

तर अशी गोष्ट. आता उठण्याआधी एकच मागणं. नेस्टाची आठवण ठेवा असं मी म्हणणार नाही. ती स्वतःची आठवण करून द्यायला समर्थ आहे, समुद्रावर जा, ऐकू येईल. आठवण ठेवा ती हेलेदची. त्याच संध्याकाळी ती एकटी गाडी हाकत कार्डिफला परत गेली. मागच्या सीटवर तिनं कुत्र्यासाठी नवी गादी आणून ठेवली होती, निळी, किमतीची चिठ्ठी न काढलेली, आणि सगळी वाट तिनं आरसा किंचित वर करून ठेवला, म्हणजे ती दिसू नये. आईवर प्रेम करणारं माणूस चुकतं तेव्हा त्याला आमेन म्हणायला बाकावर कुणी नसतं. रात्री हात जोडाल तेव्हा तिचं नाव घ्या.